कचराभूमीवरचे पक्षी आणि तलावातले पाणी: नेमके काय वाहून येते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कांजूरमार्ग आणि देवनारच्या कचराभूमींवर दिवसभर चरणारे पक्षी संध्याकाळी खाडीकडे, मिठागरांकडे आणि काही थवे पवई-विहार तलावांच्या बाजूला जाताना दिसतात. त्यांच्या विष्ठेतून कचऱ्यातले नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) स्वच्छ पाण्यात जाते का, जात असेल तर किती, आणि आपल्या वसाहतीशेजारचे तळे दर उन्हाळ्यात हिरवे पडते त्याचा दोष या पक्ष्यांकडे जातो का? तळ्यांच्या पाण्याचे नमुने घेण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की पक्षी पोषकद्रव्ये वाहून आणतात हे निःसंशय खरे आहे, पण मुंबईत त्याचा परिणाम कोणत्या पाण्यावर होतो याबद्दल लोकांचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

आधी एक भेद स्पष्ट करतो, कारण त्यावाचून पुढचा हिशेब जुळत नाही. जो पक्षी ज्या पाण्यात चरतो त्याच पाण्यात शिटतो, तो तिथल्या पोषकद्रव्यांची नुसती उलाढाल करतो. ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) याच प्रकारात बसतात. ते खाडीतलेच शैवाल आणि बारीक जीव गाळून खातात आणि खाडीतच विष्ठा टाकतात, त्यामुळे हजारोंच्या संख्येने असूनही ते खाडीत बाहेरून काही आणून घालत नाहीत. याउलट जो पक्षी एकीकडे जेवतो आणि दुसरीकडे विसावतो, तो त्या दुसऱ्या जागी नवी भर घालतो. तमिळनाडूतल्या वेदांथंगलच्या तलावावर पिढ्यान्‌पिढ्या हेच घडत आले आहे. पक्षी आसपासच्या शिवारात चरतात, रातथाऱ्याला तलावातल्या झाडांवर येतात, आणि तिथले शेतकरी त्या तलावाचे पाणी भातासाठी खताचे पाणी म्हणून मानाने वापरतात. कचराभूमीच्या बाबतीत प्रक्रिया तीच असते. फरक एवढाच की चरण्याची जागा वर्षाचे बारा महिने भरलेली असते आणि शिदोरी आपल्या स्वयंपाकघरांतून आणि मटणाच्या दुकानांतून येते.

या विषयावरचा बराच उद्‌धृत केला जाणारा हिशेब अमेरिकेतला आहे. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचा हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेत किमान 14 लाख कुरव, म्हणजे सीगल, कचराभूमींवर चरतात आणि त्यांच्यामार्फत जवळपासच्या तलावांत व जलाशयांत वर्षाला सुमारे 240 टन नत्र आणि 39 टन स्फुरद पोचते, असा अंदाज त्यात मांडला आहे. या दोन आकड्यांचे गुणोत्तर पाहा: साधारण 6 ला 1. शैवालाच्या पेशीत नत्र आणि स्फुरद यांचे वजनी प्रमाण सुमारे 7 ला 1 असते. म्हणजे कुरवाची विष्ठा हे शैवालासाठी जवळपास मापात केलेले खत आहे, आणि त्यातही स्फुरदाचे पारडे किंचित जड आहे. हे जडपण बहुधा हाडांमुळे येते, कारण कचऱ्यात पक्ष्याला मांसाबरोबर कोंबडीची हाडे आणि माशांचे काटे भरपूर मिळतात. नत्राची टंचाई पडली की ज्या नीलहरित शैवालाला हवेतले नत्र बांधता येते त्याचे फावते, आणि उन्हाळ्यात तळ्यावर रंग सांडल्यासारखी जी हिरवी साय दिसते ती बहुधा नीलहरित शैवालाचीच असते.

नत्र आणि स्फुरद यांचे पाण्यातले वागणेही एकसारखे नसते. विष्ठेतला पांढरा भाग मुख्यतः युरिक आम्लाचा असतो. जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात, आणि पाणी उथळ, तापलेले व अल्कधर्मी असेल तर त्यातला काही अमोनिया हवेत उडून जातो, तर काही नत्र तळाच्या गाळात वायुरूप होऊन निसटते. स्फुरदाला हवेची वाट नाही. ते एकदा तळ्यात पडले की पाण्यात राहते, शैवालात जाते किंवा गाळात बसते, आणि बाहेर पडायचे तर पाण्याबरोबर वाहून किंवा गाळ उपसूनच पडते. म्हणून गोड्या पाण्याच्या तळ्याचा प्रश्न आला की मी नत्राआधी स्फुरद मोजायला सांगतो.

आता मुंबईतले पक्षी. देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे, शेजारी कत्तलखाना आहे, आणि तिथे वर्षभर आभाळात दिसतात त्या घारी. त्यांच्यानंतर कावळे, आणि मग गायबगळे. गायबगळे खरकट्यापेक्षा त्यावर माजणाऱ्या माश्या आणि अळ्या टिपत असतात, तरी त्यांच्या पोटातले नत्र शेवटी कचऱ्यातलेच असते. हे तिन्ही पक्षी झाडांवर मुक्काम करतात. रातथारा कांदळवनात असला तर विष्ठा कांदळाच्या चिखलात पडते, भरतीचे पाणी त्यातले काही उचलते आणि बरेचसे कांदळ स्वतः शोषून घेते. पाण्याला खरा धोका तेव्हा असतो, जेव्हा गायबगळ्यांची किंवा कावळ्यांची वस्ती एखाद्या लहान तळ्याच्या काठच्या, पाण्यावर झुकलेल्या झाडांवर असते. तशा झाडाखाली पाण्याच्या कडेने पांढरट पट्टा दिसतो आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात शैवाल आधी धरते. वसाहतीतल्या मंडळींना हे दाखवले की त्यांचा विश्वास बसतो, त्याआधी बसत नाही.

थेट पाण्यावर बसणारा पक्षी म्हणजे कुरव. मुंबईत काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा हे दोन कुरव सर्रास दिसतात, पण ते येतात हिवाळ्यात, आणि तेव्हा त्यांचे डोके पांढरे असून कानामागे फक्त काळसर ठिपका असतो, त्यामुळे नावावरून ओळखू पाहणाऱ्याची पंचाईत होते. मांडव्याच्या लाँचमागे फरसाण आणि वेफर्ससाठी झेपावणारे पक्षी हेच. नोव्हेंबर ते मार्च असा त्यांचा मुक्काम धरावा. कचऱ्यात चरून झाल्यावर कुरवाला पंख धुवायला आणि पाणी प्यायला गोडे पाणी आवडते. उघडे, शांत, काठावर वर्दळ नसलेले तळे जवळपास असेल तर थवा आधी तिथे उतरतो, अंघोळ करतो, तास-दोन तास तरंगत राहतो, आणि पोटातले बरेचसे तिथेच मोकळे करून मग रात्रीसाठी खाडीच्या चिखलपट्टीवर किंवा मिठागरात जातो. कांजूरची कचराभूमी आणि पवई तलाव यांत सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि पक्ष्याला ते काहीच नाही. तरीही मुंबईतले बहुसंख्य कुरव खाडी, मिठागरे आणि समुद्रकिनारा यांवरच विसावतात, तलावांवर येणारे त्या मानाने थोडे असतात, हे लक्षात ठेवावे.

एका जानेवारीत आम्ही अशाच एका तळ्याच्या बांधावर प्लास्टिकचे कापड अंथरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, दोन तासांत काय पडते ते गोळा केले होते. पांढऱ्या-करड्या ओल्या विष्ठेबरोबर कुरवांनी ओकून टाकलेल्या बोटाच्या पेराएवढ्या काही गुटिका मिळाल्या. एक चिमट्याने सोडवली तेव्हा तिच्यात कोंबडीच्या मानेचे मणके होते, केसांचा गुंता होता, पिवळे रबरबँड होते, आणि दुधाच्या पिशवीचा तो त्रिकोणी कोपरा होता, जो आपल्यातला प्रत्येक जण सकाळी कात्रीने कापतो आणि ओट्यावरच विसरतो. विष्ठेबरोबर प्लास्टिकही प्रवास करते, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. स्पेनमधल्या फुएन्ते दे पिएद्रा या सरोवरात कचराभूमीवर चरणारे कुरव वर्षाला सुमारे 400 किलो प्लास्टिक आणून टाकतात, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता हिशेब करू, म्हणजे आपल्या तळ्याला तो लावून पाहता येईल. आपण एका कुरवामागे दिवसाला 0.1 ग्रॅम स्फुरद पाण्यात पडते असे धरू. हे गृहीत आहे, मोजमाप नव्हे, पण अंदाजासाठी पुरेसे आहे. एक हजार कुरव 120 दिवस रोज येत राहिले तर 12 किलो स्फुरद होते. हे 12 किलो विहार तलावात पडले असे समजा. विहारची साठवणक्षमता सुमारे 2,770 कोटी लिटर आहे, म्हणजे भरलेल्या तलावात प्रति लिटर अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षाही (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) कमी भर पडेल आणि प्रयोगशाळेला ती दिसणारही नाही. पवईची क्षमता सुमारे 545 कोटी लिटर आहे, तिथे हीच भर प्रति लिटर दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते, जी तिथल्या इतर प्रदूषणापुढे नगण्य आहे. पण पाच हेक्टरचे आणि सरासरी दोन मीटर खोल असे वस्तीतले तळे घ्या. त्यात 10 कोटी लिटर पाणी मावते, आणि तेच 12 किलो तिथे प्रति लिटर 120 मायक्रोग्रॅम होतात. तळ्यातले एकूण स्फुरद प्रति लिटर 35 मायक्रोग्रॅमच्या वर गेले की ते अतिपोषित, म्हणजे शैवाल माजण्याइतकी पोषकद्रव्ये असलेले, मानायची रीत आहे आणि 100 च्या वर गेले की अत्यंत अतिपोषित. पक्षी तेच, विष्ठा तीच, पण एका तलावात ती हरवते आणि दुसऱ्याचा रंग बदलते.

मात्र हा आकडा घेऊन पक्ष्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी दुसरा हिशेब मांडणे भाग आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. एका माणसाच्या सांडपाण्यातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम स्फुरद जाते. हजार कुरवांचे 100 ग्रॅम म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट माणसांचे सांडपाणी. त्यातही कुरवांचे आपण चारच महिने धरले आहेत आणि माणसे बारा महिने राहतात, म्हणून वर्षाचा हिशेब केला तर हजार कुरवांची बरोबरी अवघी बावीस माणसे करतात. इमारतीच्या एका जिन्यावरची पाच-सहा बिऱ्हाडे धरा. त्यांची ड्रेनेज लाइन पावसाळी गटाराला जोडली गेली असेल आणि ते गटार तळ्यात उतरत असेल, तर हजार कुरवांइतके स्फुरद तिथून गुपचूप येत असते, आणि त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. एका तळ्याच्या बाबतीत मला नेमके हेच आढळले होते. रहिवाशांनी पक्ष्यांवर पत्रे लिहिली होती, आणि काठाच्या झुडपांमागे सहा इंची पाइप सकाळी सात ते नऊ साबणाच्या फेसासह वाहत होता.

खाडीचे गणित आणखी निराळे आहे. ठाण्याची खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते, तिचे पाणी गाळाने गढूळ असते, आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबईचे सांडपाणी तिच्यात आधीच इतके उतरते की शैवालाला तिथे खताची नव्हे, उजेडाची कमतरता असते. कचराभूमीतून झिरपणारे काळे पाणी, ज्याला आपण लीचेट म्हणतो, तेही अमोनियाने भरलेले असते आणि ते पावसाळ्यात पक्ष्यांची वाट न पाहता थेट खाडीकडे जाऊ शकते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आले, तेव्हापासून तिथल्या पाण्याविषयी अधिक बोलले जाते हे चांगलेच आहे, परंतु खाडीतल्या पोषकद्रव्यांचा ताळेबंद मांडताना कचराभूमीवरून येणारे पक्षी मी शेवटच्या ओळीत लिहीन.

आपल्या तळ्याबाबत मात्र एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते, ती ऋतूंची. मुंबईत तळी जुलै-ऑगस्टमध्ये भरून वाहतात आणि तेव्हा त्यांतले बरेच काही धुऊन निघते. त्या वेळी कुरव इथे नसतात. ते येतात तेव्हा सांडवा कोरडा पडलेला असतो. नोव्हेंबरपासून पडलेले सगळे स्फुरद आतच राहते, वर बाष्पीभवनाने पाणी घटत जाते, आणि विष्ठेतला जड भाग तळाशी बसतो. हिवाळ्यात गाळातले लोह स्फुरदाला धरून ठेवते. एप्रिल उजाडतो, पाणी तापते, तळाशी प्राणवायू संपतो, लोहाची पकड सुटते आणि साठलेले स्फुरद पुन्हा वर येते. पाणी हिरवे पडते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा कुरव उत्तरेकडच्या आपल्या विणीच्या प्रदेशात पोचलेले असतात. त्यामुळे जिथे त्यांचा वाटा खरा असतो तिथे संशय त्यांच्यावर जात नाही, आणि जिथे काठावर घारी-बगळे उन्हाळ्यातही दिसतात तिथे दोष त्यांच्या माथी बसतो. त्याच हिरव्या पाण्यात दुपारी सामू (pH) नऊपर्यंत चढला, म्हणजे पाणी अल्कधर्मी झाले, तर अमोनिया विषारी रूपात जास्त राहतो आणि सकाळी मासे उताणे तरंगताना दिसतात.

अशा पाण्याने आरोग्याला धोका आहे का, हेही आपण विचारले आहे. कचऱ्यात चरणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेत आतड्यांचे जिवाणू असतात, त्यांत प्रतिजैविकांना न जुमानणारेही सापडतात, म्हणून अशा तळ्यात मुलांना पोहू देऊ नये. नळाचे पाणी शुद्धीकरण होऊन येते, त्याची चिंता या कारणासाठी करू नये. त्यापेक्षा गच्चीवरच्या टाकीचे झाकण तपासावे, कारण शिळा पाव किंवा हाडाचा तुकडा पाण्यात भिजवून मऊ करून खाण्याची कावळ्याची खोड टाकीचे पाणी तळ्यापेक्षा लवकर बिघडवते.

उपाय काय? फटाके, भोंगे, चकाकणाऱ्या फिती यांवर पैसे घालवू नयेत. चार दिवसांत पक्षी सरावतात, किंवा उठून शेजारच्या तळ्यावर जातात आणि आपला प्रश्न दुसऱ्याच्या दारात पडतो. पक्ष्याला जेवण जिथे मिळते तिथेच हात घातला पाहिजे. कचराभूमीवर टाकलेला कचरा त्याच दिवशी किमान 10 सेंटिमीटर मातीने किंवा राडारोड्याने झाकावा, हे 2000 सालच्या नियमांपासून लिहिलेले आहे. ज्या भागात हे रोज होते तिथे पक्षी फक्त जिथे कचरा टाकणे चालू असते त्या उघड्या भागावर गोळा होतात. जिथे टाळाटाळ होते तिथे सगळा उतार पंगतीसारखा मांडून ठेवलेला असतो. ओला कचरा वेगळा होऊन खताकडे किंवा बायोगॅसकडे गेला तर ती पंगतच आटते. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला किंवा जनावरे कापायला विमान नियमांनी मनाई केली आहे, ती इंजिनात पक्षी घुसू नयेत म्हणून. पाण्यासाठी असा विचार अजून कोणी केलेला मला आढळला नाही. आपल्या तळ्यापुरते म्हणाल तर पाण्यावर झुकलेल्या फांद्या विणीचा काळ टाळून, रीतसर परवानगीने मागे घ्याव्यात, काठावर पक्ष्यांना शेव-गाठी टाकणे बंद करावे, आणि तळ्यात उतरणारे प्रत्येक गटार एकदा पहाटे चालत जाऊन पाहावे.

नमुने घेणार असाल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कुरव येण्याआधी एकदा, फेब्रुवारीअखेर एकदा आणि मेच्या मध्यात एकदा घ्या: एक मध्यभागी, एक पक्षी बसतात त्या बाजूला, एक गटाराच्या तोंडाशी. तिन्ही ठिकाणी एकूण स्फुरद, अमोनिया आणि हरितद्रव्य (त्यावरून शैवाल किती ते कळते) मागा. संध्याकाळी चार ते साडेसहा या वेळेत थव्यांची मोजणी करून वहीत तारखेसह लिहा, कारण संख्येवाचून नुसत्या रसायनांच्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा आणि घरी साबणाने धुऊ नका. एकदा माझ्या एका विद्यार्थ्याने घाईत कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत नमुना आणला होता आणि स्फुरदाचा आकडा इतका चढला की आम्ही दोन दिवस नवे गटार शोधत फिरलो. त्या काळ्या पेयात फॉस्फोरिक आम्ल असते हे तिसऱ्या दिवशी आठवले.